एका बोटाचं स्टेअरिंग

नाना देवतळ्यांकडे तुम्ही पहिल्यांदा गेलात तर ते आधी पाणी विचारत नाहीत. ते तुम्हाला परत फाटकाबाहेर नेतात, तुमच्या गाडीचं इंजिन सुरू करायला लावतात आणि खिडकीतून वाकून स्टेअरिंग एका बोटानं फिरवून पाहतात. फिरलं तर चहा मिळतो. नाही फिरलं तरी मिळतो, पण तो दुखवट्याचा. माणसंही ते याच मापानं मोजतात. माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या मुलाबद्दल त्यांना विचारलं, तर म्हणाले, "पोट्टा चांगला आहे, पण जड वळते." आम्ही ते स्थळ सोडलं, आणि त्याचा पस्तावा अजून कोणाला झालेला नाही.

रायपूरच्या समता कॉलनीतले आमचे हे शेजारी रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. दारात पांढरी जुनी अँबॅसडर. गाडी नानांची, पण नानांना गाडी चालवता येत नाही. चालवायच्या त्या सुमनकाकू. पदर खोचून, कपाळावर भलं मोठं कुंकू लावून गोल बाजाराच्या गर्दीतून त्या अशी गाडी काढत की रिक्षावाले आपणहून बाजूला होत. नाना डावीकडे, मांडीवर पिशवी. वळण आलं की त्यांचा हात खिडकीबाहेर. गाडीला इंडिकेटर होते, पण नानांचा विजेवर विश्वास नव्हता. कोणी हसलं तर म्हणत, "ती गाडी पाहते, मी दुनिया पाहतो."

मग काकू न्हाणीत पडल्या आणि उजवा खांदा मोडला. आत सळई घातली, पण हात अर्ध्यावर येऊन थांबू लागला. जुन्या अँबॅसडरचं स्टेअरिंग जागच्या जागी वळवायचं म्हणजे जातं ओढण्यासारखंच काम. काकूंनी किल्ली देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला अडकवून टाकली. मुलगा बेंगळुरूहून फोनवर म्हणाला, "दिवाली में आता हूँ पापा, तब गाड़ी बेच देंगे." काकू म्हणाल्या, "विकून टाका," आणि गॅसवरचं वरण उगाच ढवळत राहिल्या. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन नाना सिलतऱ्याच्या रस्त्यावरच्या कबाड्याकडे, म्हणजे गाड्यांच्या भंगारवाल्याकडे गेले.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झाल्यावर आम्हाला काय मिळालं, यावर पानठेल्यावर रोज वाद चालायचा. नानांचं उत्तर ठरलेलं असे, "कबाड सुधारलं." ते खोटं नव्हतं. पूर्वी तिथे ट्रक आणि जीप यांचेच सांगाडे पडलेले असत. आता साहेब लोकांच्या नव्या गाड्या येऊ लागल्या होत्या, तोंड चेपलेल्या, पण पॉवर स्टेअरिंग शाबूत असलेल्या. कबाडी त्यांना 'बबा', म्हणजे आजोबा, म्हणू लागला. "पावर वाला रॅक आए हे, बबा," असा त्याचा फोन आला की नाना "हव, हव" म्हणत अर्ध्या जेवणावरून उठत.

असं करत घरी एक रॅक, म्हणजे स्टेअरिंगची दातेरी दांडी आली, एक पंप आला, तेलाच्या नळ्या आल्या. चाकं वळवायचा जोर माणसाच्या हातानं न लावता पंपातल्या तेलानं लावायचा, एवढं मला त्यातलं कळलं. हे सगळं रॉकेलनं धुवायला नानांनी कणकेची परात घेतली. "माही परात काहून घेतली?" काकू ओरडल्या. "तुह्याच कामाले घेतली," नाना म्हणाले. काकूंनी नवी परात आणली आणि ती कपाटात कुलुपात ठेवली.

गाडीला हे बसवायला रामाधार मिस्त्री येत. आराखडा मात्र नानांचा. तो त्यांनी बॉनेटसमोर उभं राहून, गाडीकडे तोंड करून काढला. चालवणाऱ्याच्या जागेवर हा माणूस जन्मात बसला नव्हता, त्यामुळे त्यांचं डावं ते गाडीचं उजवं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मिस्त्रीही मोठ्यांचा शब्द न मोडणारे. रॅक उलटी बसली. ऐन नवरात्रात मैदानावर चाचणी झाली. मिस्त्रींनी स्टेअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडी शांतपणे उजवीकडे जाऊन देवीच्या मांडवाचे दोन बांबू घेऊन थांबली. मंडळाची पोरं धावली. नाना टाळ्या वाजवत होते. "एका बोटानं फिरलं ना? दिशेचं मागून पाहू."

दिशा सुधारली तोवर दिवाळी दारात आली होती. गाडी धुतली, पुसली. पण काकू जवळही येईनात. "मले भेव वाटते. हात मधातच राहिला तं?" नानांनी वाद घातला नाही. रोज संध्याकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून, मांडीवर पिशवी घेऊन, उभ्या गाडीत डावीकडे जाऊन बसू लागले. दिवेलागणीला उतरत, दार हळूच लावत आणि आत जात. मी कुंपणावरून पाहायचो आणि मला फार वाईट वाटायचं.

मुलगा येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी न राहवून गेलो. म्हटलं, "नाना, एवढं हलकं झालंय तर तुम्हीच शिका ना आता. काकूंना बाजूला बसवा."

नानांनी पिशवी सारखी केली. "तुले काय वाटते, मले शिकता येत नव्हतं? सायबाचा डायव्हर पाठीमागं लागला होता शिकवाले. पण मी शिकलो असतो तं हिच्या हाती गाडी आली असती का? जन्मभर बाजूले बसून राहिली असती." मग बाजूच्या रिकाम्या सीटकडे पाहत म्हणाले, "ती चालवते तवा लय चांगली दिसते रे."

स्वयंपाकघराच्या खिडकीतला भांड्यांचा आवाज बंद झाला होता. थोड्या वेळानं काकू बाहेर आल्या. पदर खोचलेला, डाव्या हातात किल्ली. कोणाकडे न पाहता त्या आपल्या जागेवर बसल्या, इंजिन सुरू केलं आणि उजव्या हाताचं एक बोट स्टेअरिंगवर ठेवलं. ते फिरलं.

"जड आहे का?" नानांनी विचारलं.

"गप बसा," काकू म्हणाल्या. "फाटक उघडाले सांगा त्याले."

मी फाटक उघडलं. कोपऱ्यावर गाडीचा डावा इंडिकेटर लागला. तरी खिडकीतून नानांचा हात बाहेर आला, आणि गाडी वळून दिसेनाशी झाली तोपर्यंत तो तसाच बाहेर होता.