सोनेरी छताचे नाटकघर राहिले त्याची हकिकत

श्रीवास्तुदेवतेस स्मरोन, जैसे ऐकिले तैसे लिहिले. शके अठराशे ब्याण्णव, साधारणनाम संवत्सरी, अमेरिका खंडी गव्हाचे मुलखात नदीतीरी एक शहर नांदत होते. शहर धाकुटे, परंतु जुन्या वास्तूंचे दौलतवंत. लाल विटांची गिरणी, कमानींचे रेल्वेठाणे आणि सोनेरी छताचे नाटकघर, ऐसी कीर्ती दिगंतरी गेली आणि पाहुणे मोटारी घेवोन येऊ लागले. मग मोटारी कोठे उभ्या कराव्या, हे संकट प्राप्त जाहले. नगराध्यक्ष हॅरोल्ड पिकरिंगसाहेब मोठे कर्ते पुरुष. हाती घेतले ते तडीस नेतील, मग ते घेण्याजोगे असो वा नसो. साहेबी हुकूम केला आणि गिरणी पाडोन वाहनतळ केला. पाहुणे आले, मोटारी लाविल्या आणि पुसिले, "गिरणी कोठे?" चौकीदार बोलिला, "तिजवरच उभे आहा." तरी मोटारी वाढल्या, म्हणोन रेल्वेठाणेही पाडिले.

मग नाटकघराची पाळी आली. तेथील मालकीण लेनोराबाई हचिन्स. तिचा भ्रतार छतास सोनेरी वर्ख लावितां परांचीवरोन पडोन निवर्तला होता. एक कोपरा कोराच राहिला, तो बाईने कोणास हात लावू दिला नाही. त्या शहरी रिवाज ऐसा जे, काही पाडणे तरी आधी सभा भरवावी, ज्यास बोलणे त्यास बोलू द्यावे, आणि मग पूर्वीच ठरले असेल तेच करावे. तैसी सभा भरली आणि बाई उभी राहोन बोलिली, "साहेब, एकच पुसत्ये. नाटकघर पाडिल्यावर पाहुणे खाली उतरोन पाहतील काय? एकमेकांच्या मोटारी?"

साहेब मनाचे वाईट नव्हेत, खजील होवोन बोलिले, "बाई, हे गिरणीचे वेळीच का न सांगितले?"

बाई बोलिली, "सांगितले होते, साहेब. त्या सभेस आपण पोहोचलाच नाही. मोटार लावावयास जागा शोधीत होता."

अवघी सभा हासली, साहेबही हासले, आणि हुकूम फिरविला. बाई तडक नाटकघरी गेली आणि कोऱ्या कोपऱ्याखाली बैसोन पोटभर रडली.

सारांश, पाहुणे अद्याप येतात आणि जागा शोधीत शहरास फेऱ्या घालितात. तेणेकरोन न उतरतां प्रदक्षिणा घडते. जे उतरतात ते छत पाहोन पुसतात, "हा कोपरा का राहिला?" आणि बाई खुर्ची पुढे करोन सांगावयास बैसते. इतके घडले, इतके लिहिले.