हिरवा दिवा लागेपर्यंत

नात फोनवर पुन्हा एकदा रडली, तेव्हा सरांनी माइक घ्यायचं ठरवलं.

सर म्हणजे शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. मैदान अफाट आणि शाळेची शिट्टी कायम हरवलेली, त्यामुळे सगळी नोकरी त्यांनी घशावर काढली. परिणाम असा झाला की त्यांच्या आवाजाला दोनच मुक्काम उरले, मैदान आणि मौन. मधे कुठे थांबा नाही. चहात साखर कमी आहे हे ते ज्या आवाजात सांगत, त्या आवाजात इतर लोक आग लागल्याचं सांगतात. बायकोला सवय झाली होती. शेजाऱ्यांनी करून घेतली होती. पण परगावी राहणाऱ्या चार वर्षांच्या नातीला तेवढी सवड मिळालेली नव्हती. आजोबांनी "काय गं पिल्लू!" म्हटलं की पलीकडून भोकाड, आणि मागोमाग लेकीचा आवाज, "बाबा, ठेवते हं. नंतर बोलू." हे 'नंतर' काही उगवत नसे.

"तिला गोष्टी फार आवडतात बाबा," लेक एकदा म्हणाली. "रोज झोपताना मोबाइलवर पॉडकास्ट लावून देते. कोणीतरी आजोबाच आहेत. छान सांगतात."

ते 'कोणीतरी आजोबा' सरांच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले. नात आपली, आणि तिला गोष्ट सांगणार परका म्हातारा? आपण काय हात-पाय हलवून घ्यायलाच उरलो? सरांनी जाहीर केलं की आपणही पॉडकास्ट काढणार. हे जाहीर करणं तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलं.

दुकानात बायको बरोबर होती. दुकानदार सराईत होता. त्याने काचेच्या फळीवर दोन माइक ठेवले आणि मांजरं दाखवावीत तसे कुरवाळून दाखवले.

"दोन्ही यूएसबीचे आहेत, लॅपटॉपला लावले की झालं. हा चारी बाजूंचं ऐकतो. हा फक्त समोरच्याचं ऐकतो."

"दुसराच द्या," सरांची बायको म्हणाली. "समोरच्याचं ऐकणारं घरात काहीतरी हवंच आहे."

"समोर बसायचं, तोंडापासून साधारण वीतभर अंतर ठेवायचं. पुढे हा बारीक दिवा आहे. हिरवा म्हणजे आवाज उत्तम, पिवळा म्हणजे जरा जास्त, लाल म्हणजे फाटला. बोलून बघा काहीतरी."

सरांनी घसा साफ केला आणि जे आयुष्यभर म्हटलं तेच म्हटलं, "एक, दोन, तीन, चार!" दिवा लाल झाला. चार्जर बघायला आलेल्या एका गृहस्थाचा डावा पाय आपोआप वर गेला. दुकानदाराने माइक भराभर खोक्यात घातला आणि सांगितलं की घरी नेल्यावर तो आपोआप नीट होईल.

घरी गेल्यावर तो नीट झाला नाही. लेकीचा जुना लॅपटॉप उघडला, माइक जेवणाच्या टेबलावर उभा केला, सरांनी वीत मोजली आणि "एक होता हत्ती!" म्हटलं. दिवा लाल.

"अहो, हळू बोला की जरा."

"हळूच बोलतोय!" सर म्हणाले. कपाटातल्या वाट्या एकमेकींवर आपटल्या.

माइकच्या मागे आवाज कमी-जास्त करायचं एक बटण होतं. पण पुसताना फडकं लागून ते फिरायला नको, म्हणून सरांनी पहिल्याच दिवशी त्यावर चिकटपट्टी मारून टाकली होती. पट्टीखाली काय आहे हे नंतर ते स्वतःही विसरले. मग उपाय बाहेरून सुरू झाले. माइकला फोमची टोपी घातली. लाल. टोपीवर पायमोजा चढवला. लाल. त्यावर मफलर, मफलरवर उशीचा अभ्रा. माइक गालगुंड झाल्यासारखा दिसू लागला, पण आतून दिवा लालच डोळे वटारत होता.

त्या वेळी समोरच्या दारातले मोजणीदार आले. हे जमिनीच्या मोजणीखात्यातून निवृत्त झालेले. खिशात मोजपट्टी असल्याशिवाय ते दूधसुद्धा आणायला जात नसत. त्यांनी प्रकार ऐकून घेतला, माइकभोवती एक फेरी मारली आणि निदान केलं.

"सर, आवाजात दोष नाही. अंतरात आहे."

"दुकानदार वीतभर म्हणाला."

"ती माणसाची वीत. तुमची वीत निराळी काढावी लागेल."

सरांना हे मनापासून पटलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या आवाजाला दोष न देता इतर जगाला दोष दिला होता. दोघे लगेच कामाला लागले. माइक टेबलावरून खिडकीत गेला, खिडकीतून दाराशी, दारातून जिन्याच्या कठड्यावर. लॅपटॉप पोराला कडेवर घ्यावं तसा मोजणीदारांच्या कडेवर. प्रत्येक ठिकाणी सर टेबलाशी बसून हत्ती काढत आणि मोजणीदार बाहेरून ओरडत, "लाल!" शेवटी माइक मोजणीदारांच्या स्वयंपाकघरात, दोन उघड्या दारांच्या पलीकडे गेला, तेव्हा कुठे "पिवळा!" अशी आरोळी आली. सरांनी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"म्हणजे शेजाऱ्यांच्या घरात जाऊनही तुम्ही जास्तच," ती म्हणाली.

"आणखी मागे जायचं तर भिंत लागते," मोजणीदार म्हणाले. "आता रस्ता ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही."

रस्त्यापलीकडे, सरांच्या बाल्कनीच्या बरोबर समोर, पहिल्या मजल्यावर एक वाचनालय होतं. तिथले ग्रंथपाल भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीकडे बघूनच बोलत.

"माइक ठेवायचाय? आवाज होणार नाही ना?"

"तुमच्याकडे अजिबात नाही," मोजणीदारांनी समजावलं. "आवाज सगळा आमच्याकडे. तुमच्याकडे फक्त ऐकायचं काम."

ग्रंथपालांना यात नियमबाह्य काही सापडेना. खिडकीत एक स्टूल दिलं गेलं. मोजणीदारांनी माइकचं तोंड बाल्कनीकडे अचूक रोखलं. दिवा माइकच्या पुढच्या अंगाला असल्यामुळे तो बघायला त्यांना माइकच्या पुढेच बसावं लागलं. ते पुढे बसले, नाक दिव्याशी नेलं आणि रुमाल हलवला.

बाल्कनीत उभं राहून सरांनी छाती भरून घेतली. नात डोळ्यांपुढे आणली. तिच्यासाठी त्यांनी स्वतः गोष्ट रचली होती. एका हत्तीला झोप येत नाही, म्हणून तो जंगलातून गावात येतो, ससे घाबरतात, आणि मग एक छोटी मुलगी त्याला झोपवते, अशी.

"एक होता हत्ती!" सरांनी सुरुवात केली.

समोरून रुमाल दोनदा हलला. हिरवा! अखेर हिरवा! सरांना भरून आलं, आणि भरून आलं की त्यांचा आवाज चढे.

"तो हत्ती जंगलातून निघाला! आणि थेट गावात आला!"

खाली केळीवाल्याने गाडी वळवली.

"पळा! पळा! हत्ती आला!" सशांच्या वतीने सर म्हणाले.

यानंतर रस्त्यावर जे झालं त्यात सशांचा दोष नव्हता. शिवणयंत्राच्या दुकानाचं शटर खाली आलं. बसथांब्यावरची रांग मोडली आणि झाडाभोवती गोळा झाली. एका आजीबाईंनी "कुठून? कुठून आला?" असं विचारलं, आणि एका जाणकाराने "मागच्या गल्लीत आहे, मी सोंड बघितली," असं छातीठोक सांगितलं. सर गोष्टीत इतके रंगले होते की त्यांना लोक हत्तीच्या प्रेमात पडल्यासारखे वाटले.

हवालदार जिना चढून वर आला तेव्हा हत्ती विहिरीवर पाणी पीत होता.

"हत्ती कुणाचा?" हवालदाराने विचारलं.

"माझा!" सर अभिमानाने म्हणाले. "मीच रचलाय!"

सरांच्या बायकोने त्याला पाणी दिलं आणि सगळं समजावलं. हवालदार खवळला. "गोष्ट असली म्हणून काय झालं? हा काय आवाज आहे? पाच जणांची तक्रार आहे माझ्याकडे."

"आवाज मवाळ आहे," सर म्हणाले. "विश्वास नसेल तर पलीकडे जाऊन यंत्र बघा."

हवालदार कर्तव्यदक्ष होता. तो रस्ता ओलांडून वाचनालयात गेला आणि मोजणीदारांच्या खांद्यावरून दिव्याकडे पाहत राहिला. सरांनी हत्तीला विहिरीवरून उठवलं. दिवा हिरवा राहिला. हवालदाराने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. हिरवा. आपल्या कानांपेक्षा सरकारी कामात दिव्याला वजन असतं, हे त्याला ठाऊक होतं. तो खाली उतरला आणि तक्रारदारांना म्हणाला, "तपासलं. आवाज मर्यादेत आहे. तुमचे कान दाखवून घ्या." मग गाड्यांचे हॉर्न गोष्टीत शिरू नयेत म्हणून त्याने चौकात उभं राहून वाहतूकही थोपवून धरली. झाडाभोवतीचे लोक नाइलाजाने शेवटपर्यंत थांबले, आणि मुलीने हत्तीला थोपटून झोपवलं तेव्हा आजीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

रेकॉर्डिंग कोणी ऐकून बघितलं नाही. दिवा हिरवा होता, म्हणजे काम चोख होतं. मोजणीदारांनी ते तसंच लेकीला पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. लेकीचा आवाज आनंदाने फुटत होता.

"बाबा, झोपली! दोन मिनिटांत! ती काल म्हणाली, हे आजोबा आपले का? मी म्हटलं, हो. आणि आज उठल्या उठल्या म्हणते, मला हिरव्या आजोबांशी बोलायचंय. संध्याकाळी फोन करते हं."

"हिरवे कसले?"

"असेल तुमच्या गोष्टीतलं काहीतरी. मी पण तिच्याबरोबरच झोपले, ऐकलं कुठे?"

सरांच्या गोष्टीत हिरवं काही नव्हतं. हत्ती राखाडी होता. बायकोने चहाला आलेल्या मोजणीदारांसमोरच लॅपटॉप उघडला आणि रेकॉर्डिंग लावलं.

आधी एक शांत, कोमट, कानाशी लागून बोलणारा आवाज आला. "हिरवा... हिरवा आहे... जरासा पिवळा... नाही, हिरवाच... हिरवा... हिरवा..." आणि त्याच्या फार मागे, बंद खोलीतला डास गुणगुणावा तसं, "...त्ती... ...ळा... ...ळा..." अर्धा तास हेच. मधे कधीतरी हवालदाराची जांभई होती.

माइक फक्त समोरच्याचं ऐकत होता. समोर, बरोबर वीतभर अंतरावर, मोजणीदार बसले होते.

सरांनी सावकाश मान वळवली. "मोजणीदार! हे काय?"

"निरीक्षण," मोजणीदार चाचरत म्हणाले. "आमच्या खात्यात बघितलेलं तोंडानं म्हटल्याशिवाय धरत नाहीत. सवय हो."

"माझी नात तुमच्या निरीक्षणावर झोपली?"

"मी काही मुद्दाम नाही केलं." पण त्यांच्या चेहऱ्यावर एक लाजरं समाधान पसरत होतं. "तसा माझ्या आवाजात गोडवा आहे असं पूर्वी म्हणायचे."

"कोण म्हणायचं?"

"आई."

"भांडण नंतर करा," सरांची बायको म्हणाली. "संध्याकाळी पोर फोनवर येणार. तिला तो आवाज हवाय. आता कोण बोलणार ते ठरवा."

"मी बोलेन की," मोजणीदार म्हणाले. "सरांच्या वतीने. जुजबी."

"खबरदार!" सर म्हणाले, आणि समोरच्या वाचनालयातून पाटी पडल्याचा आवाज आला.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा तिघेही टेबलाभोवती बसले होते. मोजणीदारांनी हात अर्धवट पुढे केला, बायकोने तो मागे सारला. सरांनी फोन उचलला. त्यांच्या कपाळावर घाम होता. उभं आयुष्य जो घसा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन पोचवला, तो आता एका कानापाशी थांबवायचा होता.

"हिरवा..." सर म्हणाले. आवाज कसला तो, सुईतून निसटलेला दोरा. "हिरवाच आहे गं, पिल्लू."

पलीकडून भोकाड नाही, मुसमुस नाही. बायकोने सरांचं मनगट घट्ट धरलं.

"आजोबा?"

"हं."

"मोठ्यानं बोला ना. ऐकू येत नाही."

हे वाक्य सरांना जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. त्यांची छाती आपोआप वर आली, खांदे मागे गेले, मानेच्या शिरा तयार झाल्या. मोजणीदारांनी कानांवर हात ठेवले. बायकोने डोळे मिटून घेतले.

सरांनी तो सगळा श्वास नाकातून, सावकाश, थोडा थोडा बाहेर सोडला.

"एवढंच येतं गं मला," ते कुजबुजले.

"बरं," नात म्हणाली. जरा विचार केला असावा तिने. "मग मीच जवळ येते."

फोनवर काहीतरी घासल्यासारखं झालं आणि एक बारीक, उबदार श्वास सरांच्या कानाशी येऊन थांबला. सर हलले नाहीत. शेजारी मोजणीदारांनी आवाज न करता खिशातून मोजपट्टी काढली आणि ओठ सरांच्या दुसऱ्या कानाशी नेले.

"किती अंतरावर आली," ते म्हणाले, "तेवढं विचारून घ्या."