न पडलेली ठकूआजी

एका जंगलात, बाळांनो, पडायला भरपूर जागा होती. तिथल्या एका उंबरावर ठकूआजी नावाची वानरीण राहायची. वय इतकं, की तिच्या बरोबरीचं कुणी उरलंच नव्हतं. तरी रोज सकाळी ती स्वतः वरच्या फांदीवर चढायची. वरची उंबरं जास्त गोड असतात, असं तिचं ठाम मत होतं.

एके दिवशी तिचा हात निसटला. आजी धपकन खालच्या फांदीवर आली आणि कंबर चोळत खो खो हसली.

हसली ती एकटीच. तिचा मुलगा भिवा धावत जाऊन अस्वलवैद्यांना घेऊन आला.

"या वयात हाड मोडलं की संपलं," वैद्य म्हणाले. त्यांच्या नाकाला मध लागला होता, पण आवाज गंभीर होता.

टोळीची बैठक बसली. आजीनं चढायचं नाही, असं ठरलं. आठवड्याभरात चालायचंही नाही, असं ठरलं. ती जरा उठली, की तीस तोंडं एकदम ओरडायची, "आजी, बस! पडशील!"

"अगं, बसून बसून पाय आखडले माझे," आजी सुनेला म्हणाली.

"म्हणूनच म्हणते, उठू नका," सून म्हणाली.

शेवटी भिवानं मऊशी वेल आणून आईला बुंध्याशी बांधलं. सुनेनं वेलीत फुलं खोचली. येणारेजाणारे फुलं बघायचे आणि म्हणायचे, "काय जपतात हो म्हातारीला!" उंबरं तिला जागेवर मिळायची. खालच्या फांदीची.

चार महिन्यांत आजीच्या पायांच्या काटक्या झाल्या. मग तिलाच भीती वाटू लागली. जमिनीवर बसूनही तिला खाली बघवेना. फार वाईट झालं ते, बाळांनो.

आणि एका दुपारी बिबट्या आला. खॅक खॅक करत सगळी टोळी शेंड्यावर गेली. गडबडीत वेल सोडायची राहिली. पण आजीचे दात शाबूत होते. तिनं दोन चाव्यांत वेल तोडली, फांदी धरली आणि थरथरत उभी राहिली.

"आजी, बस! पडशील!" वरून तीस तोंडं ओरडली.

आजी सवयीनं खाली बसली.

"बरोबर आहे त्यांचं," बिबट्या जवळ येत म्हणाला. "उठू नका हं, आजी."

शोकसभेला अख्खं जंगल लोटलं. भिवाला हुंदका आवरेना. "आईला आम्ही शेवटपर्यंत पडू दिलं नाही," तो म्हणाला. अस्वलवैद्यांनी मान डोलावली.

तात्पर्य : म्हाताऱ्या माणसांना कधीही पडू देऊ नये. याबाबत मुलं, वैद्य आणि बिबट्या यांचं एकमत आहे.