बेसच्या डब्याची मोहीम

शके एकोणीसशे अठ्ठावीस, व्ययनाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध द्वादशी, मुक्काम पांढरकवड्यानजीकचा तांडा. ते साली कापसास कोणी पुसत नव्हते, आणि वीजसरकारची स्वारी दोन प्रहरी येऊन सांज होताच माघारी जात असे. ऐशा बिकट समयी राजेश्री शाम, टीव्हीदुरुस्तीचे मनसबदार, यांनी घरच्या टेबलावर तीन चॅनलांचा अँप्लिफायर उभा केला, त्याची हकीकत सादर आहे, ती चित्त देऊन ऐकावी.

मोहिमेचे कारण ऐसे. शामरायांचे तीर्थरूप गुलाबसिंग हे तांड्याचे नगारची. होळीस त्यांचा नगारा वाजला म्हणजे शेजारचे तांडे चालून येत. परंतु पुढे कान फितले, ऐकू येईना, ताल चुकू लागला, लोक हसले, आणि म्हाताऱ्याने नगारा माळ्यावर टाकिला आणि होळीकडे पाठ करोन बसू लागला. हे शामरायांस सोसेना. मग मसलत केली की, कानांचा दरवाजा बंद तर तळहाताच्या वाटेने नाद आत न्यावा.

मग यवतमाळावर स्वारी करोन ट्रान्सफॉर्मर आणि नाद वाढविणाऱ्या तीन आयसी हस्तगत केल्या, आणि त्या तापून मरू नयेत म्हणोन मातोश्री मानीबाईंचे जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, झाकण जप्त करोन कापिले आणि त्यांच्या पाठीस जोडिले. बाईसाहेबांनी दोन वेळ भाकर बंद केली, तो वेढा शामरायांनी चिवड्यावर काढिला. दोन चॅनल लहान स्पीकरांस दिले आणि तिसरा, ज्यातून निव्वळ जड नाद सुटतो, तो मोठ्या वूफरास देऊन त्यास प्लायवूडचा डबा बांधिला. डबा पोकळ घुमू नये म्हणोन आत कापूस भरावा लागतो. कापसाची काय वाण? घरात आढ्यापर्यंत पडला होता, तोच भरिला.

त्रयोदशीस वीज आली, म्हाताऱ्याच्याच वाजवण्याची जुनी कॅसेट लाविली, आणि त्यांचा पंजा धरोन डब्यावर ठेविला. डबा खडखडला. गुलाबसिंगांनी हात झटकोन फर्माविले, "फुटका नगारा मले कायले दाखवून राह्यला?" आणि पाठ केली. शामरायांचे डोळे भरोन आले, हे बखरकार लपवीत नाही.

मग तपास चालला. आयसी निर्दोष, तारा निर्दोष. अखेर मानीबाईंनी डबा उचलोन कानाशी हलविला. "काहून रे, सरकीसकट कापूस भरला काय? कास्तकाराच्या पोटचा ना तू?"

फितुरी किल्ल्याच्या आतच निघाली. कापसातल्या बिया सुटोन वूफराखाली नाचत होत्या. मग झाकणाचे वैर तूर्त बाजूस ठेवोन बाईसाहेब अंगणात बसल्या आणि बोटांनी एकेक सरकी काढोन निव्वळ रुई डब्यात भरिली.

पौर्णिमेस त्यांनीच म्हाताऱ्यास हात धरोन आणिले. तीच कॅसेट लाविली, या खेपेस नाद गोळीबंद निघाला. गुलाबसिंग पुष्कळ वेळ पंजा टेकोन बसले, मग कपाळास आठी घालोन हुकूम सोडिला, "कोण वाजवून राह्यलं हे? डावा हात मांगं पडते त्याचा. माहा नगारा काढ!"

कॅसेटीवर वाजवणारे ते स्वतःच, ही गोष्ट मानीबाईंच्या आज्ञेने गुप्त ठेविली.

मग डबा होळीपाशी मांडिला, आणि अनवाणी पाय त्यावर रोवोन, तळव्यांनी कॅसेटीचा ताल घेत म्हाताऱ्याने नगाऱ्यास हात घातला, आणि होळीभोवती तांडा जमला. सांज होताच वीजसरकारने कूच केले, डबा मुका जाहला, आणि शामरायांनी डोळे मिटोन घेतले. नगारा थांबला नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. त्या साली तांड्यात कापसाची कदर जाहली ती पावशेर रुईची, त्या डब्यात. झाकणाचा तह अद्याप व्हावयाचा आहे. आणि त्या रोजी डावा हात मागे पडला नाही, हे सर्वांसमक्ष पाहोन लिहिले असे.