लाल मुनियांचे दोन महाल

श्रीकुलस्वामिनीचे स्मरण करून, आणि ज्या जिवांस मनींचे सांगता आले नाही त्यां सकळांस नमस्कार करून हे वर्तमान लिहावयास घेतले. शके सतराशे बारा, साधारण नाम संवत्सर, भाद्रपद मासी या राज्यी ऐसे जाहले जे, शेजारचे राजियांनी स्नेहाची खूण म्हणून लाल मुनिया पाखरांचे जोडपे भेटीस पाठविले. नर अंगठ्याएवढा, गुंजेसारखा लाल, अंगावर पांढरे ठिपके जैशा तांदळाच्या कण्या शिंपडिल्या. मादी उदी, साधी, परंतु डोळा बहुत चलाख. महाराज संतोष पावले आणि पक्षिखान्याचा दारोगा सिदोजी, वय वर्षे बावीस, यास ती पाखरे सोपविली. हा सिदोजी मुखदुर्बळ. घरी कोणी नाही, दरबारी उभा राहे तो खांबाआड, माणसांत बोलू जाता शब्द घशी अडकत, आणि पाखरांपाशी बसला म्हणजे शीळ घालून घटका घटका बोले. त्याने भेटीबरोबर आलेला उंच घुमटाचा पिंजरा बाजूस ठेविला आणि वेताचा लांबट करविला, कारण हे पाखरू उंच चढत नाही, आडवे उडते. आणि आत बाभळीच्या काटक्या बांधिल्या, राळा आणि वरी ठेविली, चोच घासावयास समुद्रफेन टांगिला, अंघोळीस उथळ परळ मांडिला.

मग कारभारी हैबतराव पाहावयास आले आणि कपाळास आठी घालून बोलिले, "सिदोजी, हे काय? राजघरची पाहुणी, आणि स्त्रीपुरुष एके ठायी, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत?" सिदोजी बोलिला, "जी, पाखरे ती..." "पाखरे कोणाची? दुसऱ्या गादीची! त्यांचा मानमरातब तुम्ही बुडविणार काय?" ऐसे बोलून हुकूम केला की नर मर्दानी महाली राहावा, मादी जनान्यात राहावी, मधे तीन चौक असावे आणि दोहींकडे चोपदार उभे करावे. सिदोजीने मान लवविली आणि मादी दुसऱ्या पिंजऱ्यात घातली.

मग नर दोन दिवस एकाच काटकीवर बसून बारीक हाका मारीत राहिला, आणि तिसरे दिवशी सिदोजीने शीळ घातली तेव्हां त्याने मान वळविली, आणि चौथे दिवशी उत्तर दिधले, आणि आठवे दिवशी सिदोजीची चाहूल लागताच गजांपाशी येऊ लागला. बोट आत घातले म्हणजे त्यास अंग टेकून डोळे मिटी. आपली वाट पाहणारे कोणी असावे हे सिदोजीच्या जन्मी प्रथमच घडले. चोपदार हासत, "दारोग्यांस सोयरीक मिळाली! वऱ्हाड केव्हां निघते?" त्याचाही त्यास राग न ये. परंतु त्यास ठाऊक होते की ही जात थव्याची, एकटी टिकत नाही; आणि ते पाखरू त्याच्या बोटापाशी दुसरेच कोणी शोधीत होते.

पंधरावे दिवशी जनान्यातील दासी भागू धावत आली आणि बोलिली, "अहो दारोगे, तुमची पाहुणी दाणा टिपीत नाही. पिसे फुगवून बसली आहे. येऊन तुमची ती शीळ तरी घाला." सिदोजी बोलिला, "तिला शीळ नको." "मग काय हवे?" सिदोजी नराच्या पिंजऱ्याकडे पाहू लागला. "ठाऊक आहे ना तुम्हांस? मग मिठाची गुळणी काय धरून बसलात? उद्याचा दिवस काढायची नाही ती!"

मग सिदोजी नरापाशी गेला आणि नर बोटास बिलगला. बोलावे तर हा आपल्यापासून जातो, न बोलावे तर ती जिवानिशी जाते. ऐसे मनी आणिले, आणि मग हळूच बोट काढून घेतले, आणि दरबारी जाऊन खांबाआडून निघून मधोमध उभा राहिला. "महाराज, अर्ज आहे. मादी मरते. दोघांस एका पिंजऱ्यात ठेवावे." हैबतराव बोलिले, "आणि रिवाज?" "रिवाज आपला, जी. त्यांचा रिवाज अंगास अंग लावून बसण्याचा." महाराज हासले आणि बोलिले, "कारभारी, पुरे तुमचा जनाना. एकत्र करा." आणि मग सिदोजीकडे वळून पुसिले, "अरे, एवढेच होते तर इतके दिवस का बोलला नाहीस?" सिदोजी मुजरा करून जनान्याच्या दाराकडे निघाला.

मादीस आणिले तेव्हां नराने एकच हाक दिधली आणि दोन्ही पाखरे एका काटकीवर चिकटून एकमेकांच्या मानेची पिसे विंचरू लागली, आणि सांजेपावेतो मादीने राळा टिपिला. सिदोजीने बोट आत घातले. नराने पाहिले नाही. मग त्याने परळ भरिला, गवताच्या काड्या ठेविल्या, आणि महिन्याभरात घरटे होऊन अंडी जाहली, तेव्हां पिंजऱ्यास पडदा लाविला. महाराज खासे पाहावयास आले आणि बोलिले, "पडदा सार, घरटे पाहू." सिदोजी आडवा उभा राहिला. "क्षमा असावी. अंड्यांवर बसली असता कोणी डोकावू नये. बिचकली तर घरटे टाकितील. दाणापाणी पडद्याखालून सरकवितो." "कोणीच पाहू नये? तूही?" "मीही नाही, महाराज."

येणेप्रमाणे लाल मुनियांचे वर्तमान. चार पिल्ले निघाली, चारही उडती जाहली, आणि शेजारचे राजियांस आनंदाचे पत्र गेले. दारोग्याविषयी वेगळे लिहावे ऐसे दफ्तरी काही सापडत नाही.