विजयी मदरबोर्डास शाल पांघरविली त्याची हकीकत

श्रीविद्युद्देवी प्रसन्न असो, व्होल्टेज सम राहो, श्रोत्यांचे पंखे अखंड फिरोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाखमासी, ऊन ऐसे की वाड्याचे फरशीवर पापड भाजावा, ते समयी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. महाराजांचे मनी आले की शेजारील राजाहून आपला संगणक वेगवान असावा. प्रोसेसर तर दोहींकडे एकच, मग वेग आणावा कोठून? तेव्हा दिवाणजींनी विनंती केली की ओव्हरक्लॉकिंग म्हणोन विद्या आहे, तीत प्रोसेसरास नेमल्या चालीहून अधिक पळवितात, परंतु पळता पळता तो तापतो, तापला की अडखळतो, आणि त्यास सावरावयास खाली मदरबोर्ड भक्कम लागतो. महाराज म्हणाले, "मग भक्कम तो आणवा." आणि भक्कम कोणता, यावरून यंत्रशाळेत दोन तट पडले.

थोरले दरोगे विसाजीपंत, पोट सुटलेले, स्वभावे भित्रे, परंतु मदरबोर्डाचा विषय निघाला की कोणाचे बापाचेही न ऐकणारे. त्यांनी काळा, बिनदिव्यांचा बोर्ड पसंत केला, त्याजवर उष्णता ओढून घ्यावयास धातूचे जाड ठोकळे, दिसावयास अगदी रुक्ष. धाकटे दरोगे सर्जेराव दवणे यांनी गणपतीचे मखराप्रमाणे रंगीत दिव्यांचा बोर्ड आणविला आणि म्हणाले, "पंत, तुमचा बोर्ड म्हणजे नुसता पाटा हो." पंतांचे नाकास मिरच्या झोंबल्या. मग महाराजांनी आज्ञा केली की दोन्ही बोर्ड भरदरबारी पळवावे, सूर्यास्ती जो चालता राहील तो खरा, आणि ज्याचा पडेल त्याने सरहद्दीचे ठाण्यावर जावे, जेथे वीज आपले मर्जीने येते आणि यंत्र म्हणाल तर दळावयाचे जाते तेवढे एक. पंतांनी घरी ही वार्ता सांगितली. त्यांचे कुटुंब चिमाबाई भाजी निवडत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "हरलात तर तुमचे तुम्ही जा. मी इथं पंख्याखाली बरी आहे." मग जिंकावयाचेच म्हणोन पंतांनी अति तापल्यास यंत्र आपोआप थांबावयाची सोय होती तीही बंद करोन ठेविली.

दरबार भरला. सर्जेरावांचा बोर्ड ऐसा सुटला की मानकरी वाहवा करू लागले, आणि पंतांचा मागे पडला तरी एका चालीने चालत राहिला. मग दुपार तापली आणि सर्जेरावांस हाव सुटली, त्यांनी आणिक वीज चढविली, आणि पडदा निळा होऊन यंत्र निपचित पडले. दिवे मात्र लुकलुकत होते. पंतांचा बोर्ड थंड, शांत, चालता. महाराजांची मर्जी ऐसी खुश जाहली की सूर्यास्ताचीही वाट न पाहता त्यांनी शाल मागविली. पंतांनी नम्रपणे मान पुढे केली. महाराज म्हणाले, "पराक्रम बोर्डाने केला, मान त्याचाच," आणि उंची पश्मिन्याची शाल स्वहस्ते चालत्या यंत्रास पांघरविली, वर नारळ ठेविला, आणि दिवाणजी आभार मानावयास उठले.

आता रिवाज ऐसा की महाराजांनी घातलेली शाल दरबार उठेतो कोणी काढू नये, काढील तो बेअदब. पंखे शालीत गुरफटले, उष्णतेचा आकडा सत्तरीस होता तो ऐंशीस गेला, मग नव्वदीस लागला, आणि दिवाणजींचे आभार अद्याप महाराजांचे आजोबांपाशीच होते. यंत्र थांबवावे तर पैज गेली, शाल काढावी तर बेअदबी, आणि स्वस्थ बसावे तर बोर्ड जळतो. तो सर्जेराव सरकत जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पंत, बघता काय? मरेल तो."

"शाल महाराजांची आहे."

"आणि बोर्ड कुणाचा आहे?"

किंचित जळका वास आला, आणि तो वास नाकी जाताच भित्रे विसाजीपंत उठले, नारळ सर्जेरावांचे हाती दिला आणि शाल ओढून काढिली. पंखे मोकळे जाहले, आणि आभारही थांबले, ही एक गोष्ट सर्वांस बरी वाटली. महाराजांनी विचारले, "विसाजीपंत, आमची शाल जड झाली?" पंत म्हणाले, "मला नाही, महाराज. त्याला श्वास घेता येईना." महाराज रागे भरले, म्हणाले, "ज्यास मान सोसत नाही तो बोर्ड आम्हास नको," आणि हरले म्हणोन सर्जेराव, बेअदब म्हणोन पंत, आणि नालायक म्हणोन बोर्ड, ऐसे तिघेही सरहद्दीस रवाना केले. बैलगाडीत पंत बोर्ड मांडीवर घेऊन बसले होते. दरबारची नोकरी गेली, घर सुटले, तरी त्यांस आयुष्यात इतके हलके कधी वाटले नव्हते, आणि प्रोसेसरावर उष्णता ओढावयाची पेस्ट पातळ लावावी की जाड, यावरून दोघे दरोगे ठाणे येईतो भांडत गेले.

इकडे दिवाणजींनी नवा संगणक आणविला, त्यास आधी शाल पांघरविली, आणि ती काढावयाची कोणाची छाती नाही म्हणोन तो सुरूच केला नाही. तो कधी तापला नाही, कधी अडखळला नाही. महाराजांनी त्यास राज्यातील सर्वोत्तम संगणक म्हणोन जाहीर केले, आणि शेजारील राजाने तैसाच मागविला. इतके वर्तमान. लेखनसमाप्ती, विद्युत्पुरवठा असेतो.