जिंकलो आपण, हरलो आपण

ठाण्याच्या मिशनशाळेत भास्करराव मास्तर इतिहास शिकवीत, पण त्यांच्या इतिहासात शत्रूच नव्हता. जो कोणी येईल तो 'आपण'. मधल्या पडद्यापलीकडे मी गणित शिकवी, त्यामुळे त्यांच्या लढाया मला रोज फुकटात ऐकायला मिळत.

"ठाण्याचा किल्ला बांधायला कोणी घेतला? आपण! तेव्हा आपण पोर्तुगीज होतो. मग आपण मराठे होऊन चालून आलो नि किल्ला घेतला. मग इंग्रज होऊन पुन्हा घेतला. हल्ली तिथे आपण तुरुंग चालवतो. कैदीही आपलेच आहेत, हसू नका!"

इकडे माझी पोरं पाट्या खाली ठेवून पडद्याला कान लावत. माझ्या त्रैराशिकाची पार वाट लागे.

मी गळ्यात जानवं घालून पगारापुरता मिशनचा. भास्करराव मात्र रीतसर ख्रिस्ती झालेले. जन्म कल्याणच्या भटजींच्या घरातला, त्यामुळे पगडी काही सुटली नव्हती. प्रार्थना म्हणता म्हणता त्यांचा सूर हटकून रुद्राच्या वळणावर जाई, आणि मग पाद्रीसाहेब मोठ्याने खाकरत.

वर्गात निम्मी पोरं हिंदू, निम्मी चेंदणीकडच्या ख्रिस्ती कोळ्यांची. आधीचे मास्तर 'मराठ्यांनी फिरंग्यांना हाकललं' म्हणाले की निम्मा वर्ग टाळ्या पिटे नि निम्मा खाली बघत बसे. भास्कररावांच्या तासाला सगळेच जिंकत आणि सगळेच हरत. मला तो शुद्ध चावटपणा वाटे.

एकदा शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब परीक्षा घ्यायला आले.

"किल्ला कोणी जिंकला?"

"आपण!" वर्ग ओरडला.

"आणि हरलं कोण?"

"आपण!"

"गाढवांनो, मग लढाई झाली कशाला?"

पास्कू कोळी उभा राहिला. "भावाभावांत व्हते तशी, साहेब. मास्तर बोलतान."

पाद्रीसाहेब पुस्तकातून मराठी शिकलेले. त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "मास्तर, हा आपण नामक सरदार कोण?"

डेप्युटी हसले नाहीत. शेरा वाईट पडला. पाद्रीसाहेबांनी ताकीद दिली की उद्यापासून मराठे, पोर्तुगीज अशी सरळ नावं घ्यायची, नाहीतर इतिहासाचा तास गणिताच्या मास्तरांकडे, म्हणजे माझ्याकडे येईल.

संध्याकाळी मी भास्कररावांना गाठलं. "अहो, एका शब्दापायी तास घालवता? वर्गात 'ते' म्हणा, आणि घरी जाऊन खुशाल 'आपण' म्हणा."

त्यांनी पगडी काढून मांडीवर घेतली. "घरी?" ते म्हणाले. "परवा पितृपक्षात कल्याणला गेलो होतो, मोठ्या आशेने. आई दारातच आडवी आली. म्हणाली, 'बाहेरच थांब. आज आमच्याकडे श्राद्ध आहे.'"

"कोणाचं?"

"माझ्या वडिलांचं हो."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"ते 'आमच्याकडे' मी ऐकून आलोय," भास्करराव म्हणाले. "वर्गातल्या एकाही पोराला ते माझ्या तोंडून ऐकायला लागू नये." त्यांनी पगडी सावकाश डोक्यावर चढवली. "इतिहास तुम्ही घ्या. मला गणित द्या. त्यात घरची माणसं नसतात."